हब फिरवलेस का?

बस. तिकडे नको, इथे समोरच्या स्टुलावर. पाया पडायचं नंतर बघू. आधी एवढंच सांग, काल माणिकडोह धरणाच्या काठाला गाळपेरीत जिप्सी रुतली, तेव्हा पुढच्या चाकांचे हब कशावर होते?

खाली काय बघतोस? फरशीवर उत्तर लिहिलेलं नाही. मीच सांगतो. ट्रॅक्टरनं गाडी बाहेर काढली तेव्हा मी वाकून पाहिलं. दोन्ही हब 'फ्री'वर होते. तू आत बसून फोर बाय फोरचा दांडा ओढलास, लो टाकलास, इंजिन बोंबलेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबलास. पुढचा शाफ्ट फिरला, क्राऊन फिरला, एक्सल फिरले, आणि चाकं मात्र जागच्या जागी. खाली उतरून दोन हब 'लॉक'वर फिरवायला अर्धं मिनिट लागतं. ते केलं नाहीस म्हणून पाऊण तास मागच्या दोन चाकांनी खड्डा खणत बसलास. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलची दोन वर्षं माझ्या हाताखाली काढलीस ना? ट्रान्स्फर केस उघडून टेबलावर मांडली होती मी तुमच्यापुढे. तेव्हा काय खिडकीतून कावळे मोजत होतास?

हबचं मी हसण्यावारी नेलंही असतं. भल्याभल्यांचे राहतात. पण त्यानंतर तू जे केलंस त्यानं मला रात्रभर झोप नाही. ट्रॅक्टरवाल्या आजोबांनी दोर फेकला. तो तू कुठे बांधलास? बुल बारला! पॉलिश मारलेल्या पाइपाची ती शोभा बंपरच्या पट्टीला चार बोल्टांवर लटकवलेली. चासीला पक्का बसवलेला हूक खाली होता, पण तो चिखलात होता आणि तुझी पँट नवी होती. ट्रॅक्टरनं झटका दिला, बोल्ट तुटले आणि तो पाइप गोफणीतल्या धोंड्यासारखा सुटला. नायलॉनचा दोर ताणला की रबरासारखी ताकद पोटात साठवतो, आणि सुटला की ती सगळी टोकाला बांधलेल्या वस्तूला देऊन टाकतो. त्या दोराच्या रेषेत आजोबांची दोन नातवंडं उभी होती, गंमत बघत. त्यांच्यापासून दोन हातांवरून गेला पाइप. तू काय म्हणालास आठवतं? 'अरे यार, बार वाकला.'

बार वाकला!

दोर लावला की दोराच्या दुप्पट लांबीइतकं अंतर सोडून माणसं उभी करायची, दोरावर मध्यभागी ओलं गोणपाट टाकायचं म्हणजे तुटला तरी कमी उडतो, दोर चासीलाच अडकवायचा आणि झटका न देता हळूहळू ओढायचं. यातल्या कशाला पैसा लागतो? गोणपाटाला? ते तर आजोबांच्या ट्रॅक्टरवरच पडलेलं होतं.

आणि हे बुल बार प्रकरण लावूच नये म्हणून सरकारनं सांगून झालं आहे. २०१७च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना कळवलं की हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच कलम धरून सांगितलं, की कंपनीनं जशी गाडी दिली आणि नोंदली, त्यात आपल्या मनानं बदल करता येत नाही. तुझी गाडी १९९८ची. पंधरा वर्षं २०१३ला भरली, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे २०२८ला पुन्हा पासिंगला जाणार. तेव्हा इन्स्पेक्टरसमोर हे सगळं उतरवून ठेवणार आणि संध्याकाळी परत चढवणार, असंच ना? आणि मध्ये एखाद्याला ठोकलंस, तर विमा कंपनी कोणत्या गाडीचे पैसे देईल? कागदावरच्या की रस्त्यावरच्या?

आण ती वही. खर्च लिहून आण म्हटलं होतं ना.

लाइट बार. बुल बार. एकतीस इंची टायर, पाच. लिफ्टसाठी लांब शॅकल. छतावरचा कॅरियर. स्नॉर्केल. स्टिकर. स्टिकरची ओळ वेगळी लिहिली आहेस, हिशेबाला पक्का दिसतोस. आता या यादीत मला ब्रेक शू दाखव. व्हील सिलिंडर दाखव. ब्रेकचे होज? किंगपिनचे बेअरिंग? कमानींचे बुश? एक ग्रीसचा डबा तरी?

'सर, बजेट कमी होतं.' नव्हतं. बजेट उलटं होतं. जे दिसतं त्यावर सगळं उधळलंस आणि ज्यावर जीव टांगलाय त्याच्यासाठी खिसा रिकामा.

हे टायर घे. मूळचा टायर २०५/७०, पंधरा इंची रिमचा. कागद घे, लिही. त्याचा व्यास भरतो ६६८ मिलिमीटर. एकतीस इंच म्हणजे ७८७. फरक ११९, आणि जमिनीपासून एक्सल वर उचलला त्याच्या निम्म्यानं, म्हणजे जेमतेम सहा सेंटिमीटर. एवढ्यासाठी तू काय दिलंस? चाक सुमारे अठरा टक्क्यांनी मोठं झालं. स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा तू सत्तरच्या वर असतोस. चाकाच्या टोकाला मिळणारी ओढ पंधरा टक्क्यांनी घटली. इंजिन तेच, कार्ब्युरेटरवालं तेराशे सीसीचं, साठेक हॉर्सपॉवरचं, आणि आता बिचारं प्रत्येक चढाला एक गिअर खाली मागतं. ही ओढ घटली तशीच ब्रेकची पकडही घटली, तेवढ्याच प्रमाणात. आणि ब्रेक तर मुळात बदललेच नाहीस! काल उतरताना मागच्या डाव्या ड्रमखाली तेल ओघळलेलं पाहिलं मी. व्हील सिलिंडर गळतंय. सील कितीला येतं रे? तुझ्या स्टिकरपेक्षा स्वस्त.

शॅकलचं तर विचारूच नको. लांब शॅकल टाकले म्हणजे गाडी उंच झाली, पण कॅस्टरचा कोन बदलला, शाफ्टच्या क्रॉसवर तिरका ताण आला, आणि ब्रेकचे होज होते तेवढेच राहिले. एक चाक खड्ड्यात लोंबलं की होज वीणेच्या तारेसारखा ताणला जातो. ताणून बघितलास कधी? बाकी हायवेवर स्टिअरिंग थरथरतं म्हणून तू बॅलन्सिंगवाल्याकडे दोनदा जाऊन आलास, ते मला कळलं आहे. जॅक लाव, चाक वर-खाली धरून हलव. खडखडलं तर किंगपिनचं बेअरिंग गेलं. जिप्सीचा हा जुना रोग आहे, त्याला बॅलन्सिंगच्या शिशाचं औषध नाही.

स्नॉर्केल. मला हसू आलं, खरंच. तो डबा मडगार्डवर स्क्रूनं लावलाय आणि एअर फिल्टरला जोडलेलाच नाही. आणि जोडला असता तरी काय? पेट्रोलची गाडी आहे तुझी. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी ओल्या झाल्या की नळी कितीही उंच असो, गाडी ओढ्यात बंदच. त्यापेक्षा एक सांगतो, शंभर-दीडशे रुपयांचं काम. एक्सलच्या हाउसिंगवर श्वास घ्यायला एक बारीक ब्रीदर असतो. लांब पळून तापलेला एक्सल थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरवाटे पाणी आत ओढलं जातं. मग गिअर ऑइलचं ताक होतं आणि क्राऊन-पिनियन खाल्लं जातं. त्या ब्रीदरला रबरी नळी लावून तिचं टोक वर बॉनेटखाली आणून बांधायचं. झालं. फोटोत दिसत नाही, म्हणून तुला सुचलं नाही.

फोटोत न दिसणारं आणखी एक. काल टायरमध्ये हवा किती होती? तीस? डांबरावरची. गाळात शिरण्याआधी अठरावर आणली असतीस तर टायर बसका होऊन त्याचा ठसा लांबला असता, वजन पसरलं असतं. बाहेर आल्यावर सावकाश चालव आणि लगेच पंपानं हवा भर. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा पंप आणि हवा मोजायचा गेज, या या धंद्यातल्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाच्या वस्तू. वहीत कुठे आहेत?

परवा त्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं तुला मागचा डिफरन्शियल वेल्ड करून घे म्हणून सांगितलं म्हणे. केलंस तर माझं दार बंद. एक चाक हवेत गेलं की सगळी ताकद त्या रिकाम्या चाकाला जाते, हे खरं. पण आतले स्पायडर गिअर वेल्ड केलेस तर दोन्ही चाकं कायमची बांधली गेली. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते आता कापता येणार नाही. पावसात ओल्या डांबरावर वळणात मागची बाजू निसटेल, नाहीतर हाफ शाफ्ट तुटेल. चिखलात चार फूट जास्त गेलास आणि माळशेजच्या वळणावर दरीत, हा सौदा तुला परवडतो का?

आणि वजन. गाडी मुळात टनभराची. तिची सगळी जादू त्या हलकेपणात आहे. सुझुकीनं १९७० साली या घराण्यातली पहिली गाडी काढली तेव्हा इंजिन होतं ३५९ सीसीचं. आपल्या बुलेटइतकं. तरी ती चढायची, कारण तिला ओढायला काही नव्हतं. तू तिच्या डोक्यावर लोखंडी कॅरियर ठेवलास, नाकात बार घातलास. वजन वर आणि पुढे. आडव्या उताराला गाडी कलंडायला दुसरं काय लागतं?

हां, काल तू मला चिलीचा दाखला दिलास. २००७ साली ओहोस देल सालादो ज्वालामुखीवर सुझुकी सामुराई ६६८८ मीटरपर्यंत चढली, ती तुझ्या जिप्सीची बहीणच. बरोबर. मला माहीत आहे, आणि मला अभिमानही वाटतो, उगाच का नाकारू. पण ती माणसं हब फिरवायला विसरली नसतील. आणि त्यांच्या वाटेवर कुणाचा हरभरा उभा नव्हता.

तुझ्या वाटेवर होता.

माझ्या रागाचं मूळ तिथे आहे, आता ऐक. धरणाचं पाणी ओसरलं की जी जमीन उघडी पडते तिच्यात माणसं गाळपेर करतात. चार महिन्यांची शेती. पाणी परत आलं की संपली. वरून पापुद्रा वाळलेला दिसतो, खाली लोणी असतं. आजोबा तिथे आठ-आठ दिवस थांबतात, मूठभर माती दाबून बघतात, वापसा आला की मगच औत घालतात. आणि तू, गावातलाच पोरगा, वापसा बघितला नाहीस, थेट एक टन लोखंड घातलंस. बांध फुटला. दोन सऱ्या गेल्या. तुमच्या त्या ग्रुपमधल्या पुण्याच्या पोरांना काय माहीत, त्यांना सगळा चिखल 'ट्रेल'च वाटतो. तुला तरी कळायला हवं होतं. पाणंद ही बैलगाडी शेतात जावी म्हणून सोडलेली असते. पावसाळ्यात तुमच्या सहा गाड्या तिच्यातून गेल्या की गुडघाभर चाकोऱ्या पडतात, आणि मग पुढे कांद्याची पिकअप निघत नाही. तुमची मजा रविवारी संपते, त्यांचा कांदा सोमवारी अडकतो.

आणि हटवीजच्या, दुर्गवाडीच्या पठारांवर चाक घातल्याचं पुन्हा कानावर आलं तर बघ. कातळावर बोटभर माती असते तिथे. पावसाळ्यात फुलतं ते त्या बोटभर मातीत. एकदा टायरनं ती खरवडली की पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि उरलेली माती घेऊन जातं. अभयारण्याच्या हद्दीत शिरलास तर वनखातं गाडी जप्त करेल, आणि मी जामीन राहायला येणार नाही.

गाडी करू नकोस असं मी म्हणतोय का? मूर्खा, मीच तुला ती जिप्सी बघायला सांगितली होती. हातोडीनं चासी ठोकून बघ, मागच्या चाकाच्या कमानीत गंज बघ, बॉडी माउंट बघ, हे सगळं शिकवून पाठवलं होतं. चासी तू चांगली निवडलीस, ते मान्य. म्हणून तर इतका वेळ बोलतोय. नाहीतर भंगारवाल्याचा नंबर दिला असता.

आता ऐक. ते एकतीस इंची टायर विकून टाक, घेणारे तुझ्यासारखे खूप आहेत. मूळ मापाचे, जरा खोल नक्षीचे टायर घे. मड टायरचा हट्ट सोड, आपल्या काळ्या मातीत तीही नक्षी भरून गुळगुळीत होते. उरलेल्या पैशात चारही चाकांचे ब्रेक, होज, पुढची बेअरिंगं, कमानींचे बुश, आणि चासीला मागे-पुढे दोन चांगले हूक. एक ओढायचा पट्टा, तो अडकवायला दोन शॅकल, एक फावडं, हवेचा पंप. लाइट बार काढ, समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचे डोळे दिपवून तुला काय मिळतं?

शनिवारी सकाळी सातला गाडी इथे वडाखाली आण. मागचे दोन्ही ड्रम तू उतरवायचे, मी नुसता बघणार. पुण्याच्या जुन्या बाजारातून व्हील सिलिंडर आणू नकोस, नवीन आण, बिल दाखव. कॅमेरावाल्या मित्रांना आणायचं नाही.

आणि त्याआधी, उद्या पहाटे, कुदळ-फावडं घेऊन गाळपेरीत जा. आजोबांनी तुझ्याकडून डिझेलचे पैसे घेतले नाहीत, हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. बांध घालून झाला की आजोबांना विचार, पुढच्या पेरणीला बी-बियाणं पोचवायला ट्रॅक्टर जात नाही तिथे जिप्सी चालेल का. जाताना हब आधी फिरव.

जा आता. चहा? बांध घातल्यावर मिळेल.