पायताणाचे कूळ

सातारा जिल्ह्याच्या माणदेशी भागात, म्हसवडच्या शिवारात भर उन्हाळ्यात अनवाणी चालणे म्हणजे पायांची परीक्षाच. सराटे, बोरी-बाभळीचे काटे आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेला चिखल वाळून झालेली टोके. दख्खनच्या जमिनीबद्दलची ही तक्रार फार जुनी आहे. भिक्खूंचे नियम सांगणाऱ्या पाली विनयपिटकातल्या महावग्गात भिक्खू सोण कुटिकण्ण आपले गुरू महाकच्चान यांचा निरोप घेऊन बुद्धांकडे जातो आणि सांगतो, की अवंती-दक्षिणापथातली भूमी काळी, राठ आणि गुरांच्या खुरांनी काटेरी झालेली आहे. भिक्खूंना तोवर नवी वहाण एकपदरीच घालायची मुभा होती. बुद्धांनी सीमेवरच्या सगळ्या मुलखांसाठी अनेकपदरी वहाण मान्य केली. धर्माचा नियम जमिनीपुढे वाकला!

त्या पाली मजकुरात वहाणेला 'उपाहना' म्हटले आहे. संस्कृतात ती 'उपानह्', आणि त्यातला 'नह्' म्हणजे बांधणे. प्राकृतात 'उवाणहा', 'वाहणा' अशी रूपे झाली, मराठीत 'वहाण' आली, हिंदीच्या बोलींत 'पनही' राहिली. तेव्हा माणदेशात कानावर पडणारे 'व्हाना' हे काही अडाण्याचे बोलणे नव्हे. अडीच हजार वर्षांच्या घसाऱ्यातली ती पुढची पायरी आहे. 'पायताण'ही तसेच. 'पादत्राण' हा शब्द आज पाटीवर आणि जाहिरातीत दिसतो, पण बोलण्यात जिवंत राहिले ते पायताण. सर्बियातल्या कच्च्या कातड्याच्या जोड्याला 'ओपानाक' म्हणतात. कानाला तो उपानहाचा भाऊ वाटतो, पण त्याचे मूळ स्लाव्हिक आहे. साम्य असेल तर ते कृतीतले, कारण दोन्हीकडे कातडे पायाभोवती ओढून बांधायचे.

ही कृती जवळून पाहिली की बोलीतले शब्द कुठून आले ते कळते. जुन्या रीतीत कातडे बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात कमावायचे. त्याचीच पिशवी शिवायची, ती टांगायची आणि आत सालीचे पाणी भरून मुरू द्यायचे. मग रापीने कापायचे, आरीने भोक पाडायचे आणि वादीने शिवायचे. खिळा नाही. कातडेच कातड्याला धरून ठेवते. ही 'वादी' संस्कृत 'वर्ध्र' म्हणजे चामड्याच्या पट्टीच्या घराण्यातली. उपानह पोथीत गेली, पण वादी कारागिराच्या हातातून कधी सुटली नाही.

राजवटी बदलल्या तसे पायातले शब्द बदलले. फारसीतून 'पायपोस' आणि 'पैजार' आले, पोर्तुगिजांच्या 'सापातो'पासून 'सपात' झाली, इंग्रजांबरोबर बूट आला. फारसीत 'मोजा' हा बुटासारखा जोडा होता. मराठीत तो बुटाच्या आत जाऊन बसला. तमिळ 'चेरुप्पु', तेलुगू 'चेप्पु' आणि कन्नड 'केरवु' हे एकाच मुळाचे. 'चप्पल' त्या 'चेप्पु'तून आली असे काहींचे मत, पण त्यावर एकमत नाही. 'खेटर' ओढूनताणून 'केरवु'शी जोडण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. आवाज जुळला म्हणून कूळ जुळत नाही.

या शब्दांची पुढची गत अधिक बोलकी आहे. पैजार आली ती दरबारी भाषेतून, पण तुकारामांच्या अभंगांतच ती मारायच्या कामी आलेली दिसते. पायपोस आज उरला आहे तो गोंधळाचे वर्णन करणाऱ्या वाक्प्रचारापुरता. खेटर आणि पायताण तर तोंडी येतात ते बहुधा हाणण्यासाठीच. वहाण-जोड्याखेरीज पायात घालायची इतर कुठलीही वस्तू, अगदी पैंजणसुद्धा, शिवी झालेली नाही. व्युत्पत्ती शब्दाचे मूळ सांगते, पण त्याची इभ्रत ठरवतात माणसे. मेलेले जनावर ओढणारा, कातडे कमावणारा आणि वहाण शिवणारा यांना गावाने वेशीच्या कडेला ठेवले. त्यांच्यावाचून मोट चालत नव्हती आणि पेरणीला पाय टाकवत नव्हता, तरी वहाण काढून हातात घेऊन वरच्या आळीतून जाण्याची सक्ती झाली ती दलितांवरच. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण चपलेबद्दल नाहीच. ती माणसाला त्याची जागा दाखवते. ज्या हातांना गावाने विटाळ मानला, त्या हातांच्या मालाचे नाव शिवी व्हावे यात भाषेचा दोष नाही.

2018 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर असे आठ जिल्हे आहेत. म्हणजे म्हसवडचा मुलूखही या नावाखाली येतो. 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये अशाच चपला दाखवल्या, टीका झाली, आणि मग कंपनीने त्यांचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे मान्य केले. श्रेयाचा तो आग्रह रास्तच होता. पण मानांकनात नाव नोंदले गेले ते शहराचे आणि चपलेचे. वहाण, पायताण, वादी हे शब्द अजून चांभाराच्या आणि धनगराच्या तोंडीच आहेत. बोलीचा कोश करणाऱ्याने रापी-आरीजवळ बसून ते आताच टिपले पाहिजेत, आणि त्यांच्यापुढे 'ग्राम्य' असा शेरा मारायची सवय सोडली पाहिजे.