कोरं रजिस्टर

चि. बाळास,


तीन रुग्णालयांचा कारभार तुझ्याकडे आल्याचं ताईने फोनवर सांगितलं. देवापुढे पेढे ठेवले आणि मग बराच वेळ नुसती बसून राहिले. मी ३४ वर्षं वॉर्डात काढली, शेवटची काही मेट्रन म्हणून. मोठ्या खुर्चीत बसलेली बरीच माणसं मी खालून पाहिली. खालून जे दिसतं ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून लिहिते.

डॉ. गॅरी कॅप्लन यांच्याबद्दल वाच. अमेरिकेत सिअ‍ॅटलला व्हर्जिनिया मेसन नावाचं १९२० सालचं रुग्णालय आहे. इतिहासात पहिल्यांदाच ते तोट्यात गेलं होतं, अशा वेळी, २००० साली, कॅप्लन त्याचे प्रमुख झाले. मूळचे फिजिशियन. प्रमुख झाल्यावरही त्यांनी रुग्ण तपासणं सोडलं नाही; हे तूही सोडू नकोस.

२००२ मध्ये ते आपल्या वरिष्ठ मंडळींना घेऊन जपानला गेले, टोयोटाची कामाची पद्धत शिकायला. माणसं म्हणजे मोटारी नव्हेत, असं म्हणत डॉक्टर चिडले, काही सोडूनही गेले. जपानी गुरूंनी रुग्णालयाचा नकाशा पसरून रुग्णाला किती चालावं लागतं ते निळ्या लोकरीच्या धाग्याने मांडून दाखवायला लावलं. मग नकाशावरच्या जागोजागच्या प्रतीक्षाकक्षांवर बोट ठेवून विचारलं, इथे कोण बसतं? रुग्ण, असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी विचारलं, याची तुम्हाला लाज वाटत नाही का? ओपीडीच्या बाकांवर सकाळी सातपासून बसलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही, याची खंत आहे.

टोयोटाच्या कारखान्यात चूक दिसली की साधा कामगार दोरी ओढून चालू काम थांबवू शकतो. कॅप्लन यांनी त्याच वर्षी हा अधिकार रुग्णालयात आणला. रुग्णाला धोका दिसला तर कुणीही, अगदी सफाई करणाऱ्यानेही, कळवायचं. काम थांबवायचं आणि वरिष्ठांनी ताबडतोब लक्ष घालायचं. जोडीला एक वचन दिलं की या सुधारणांमुळे कुणाची नोकरी जाणार नाही. मला यात हे वचनच सगळ्यांत मोलाचं वाटतं. ज्याला स्वतःच्या पोटाची धास्ती आहे तो तुला काहीही सांगणार नाही.

एवढं करूनही नोव्हेंबर २००४ मध्ये घात झालाच. मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यावर उपचार घ्यायला ६९ वर्षांच्या एक बाई आल्या होत्या. टेबलावर तीन पातळ पदार्थ होते: सलाइन, एक्स-रेसाठीचा डाय आणि त्वचेचं जंतुनाशक क्लोरहेक्सिडीन. तिन्ही पाण्यासारखे स्वच्छ, आणि लेबल नाही. डायच्या जागी क्लोरहेक्सिडीन शरीरात गेलं. त्या वाचल्या नाहीत. अशा वेळी वकील गप्प बसायला सांगतात. कॅप्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली, माफी मागितली, आणि पुढच्या वर्षासाठी रुग्णाची सुरक्षितता हे एकच उद्दिष्ट ठेवलं. त्या बाईंच्या नावाने रुग्णालयात सुरक्षिततेचा पुरस्कार सुरू झाला.

हे वाचताना मला आमचा ट्रे आठवला. दोन सिरिंजा, एकीवरही लेबल नाही. नव्या सिस्टरने चुकीची उचलली. रुग्ण थोडक्यात वाचला. पोरीने स्वतः जाऊन सांगितलं, तर तिला मेमो मिळाला आणि तिची वेतनवाढ थांबली. ट्रे कुणी लावला, लेबल का नव्हतं, हे कुणी विचारलं नाही. मी शेजारीच उभी होते. मी तिच्या बाजूने एक शब्द बोलले नाही. त्यानंतर कित्येक वर्षं त्या वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये एकही चूक नोंदली गेली नाही, आणि राउंडला आलेले साहेब त्या कोऱ्या पानांचं कौतुक करत. कॅप्लन यांच्याकडे उलटं होतं. तिथे नोंदी वाढल्या की ते चांगलं लक्षण मानत. बाळा, तुझ्यापुढे कोरं रजिस्टर आलं तर घाबर.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना फ्लूची लस सक्तीची केली. परिचारिकांची संघटना भांडली, प्रकरण कोर्टात गेलं आणि संघटनेचं म्हणणं टिकलं. लस योग्यच होती, पण आधी परिचारिकांशी बोलायला हवं होतं. २०१० मध्ये लीपफ्रॉग या संस्थेने दशकातलं सर्वोत्तम रुग्णालय म्हणून ज्या दोघांना गौरवलं त्यांत हे एक होतं. आणि त्याच रुग्णालयाची मान्यता २०१६ च्या अचानक तपासणीत धोक्यात आली. पुढे २०२१ मध्ये ते दुसऱ्या मोठ्या समूहाशी जोडलं गेलं. एकदा बसवलेली घडी रोज बघावी लागते, पुरस्कार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

केबिन, गाडी, बैठका हे सगळं येईलच. पहिल्या आठवड्यात मात्र सकाळच्या हँडओव्हरला एकटा जाऊन उभा राहा, कुणालाही न कळवता. वॉर्डातल्या मामांशी आणि आयाबाईंशी बोल. आणि कधीतरी दारात कुणी उभं राहील, "सर, माझ्याकडून चूक झाली," म्हणत. बहुतेक ती रात्रपाळी संपवून आलेली, नुकतीच लागलेली एखादी सिस्टर असेल. रुग्ण कसा आहे ते आधी विचार. मग तिला बसायला खुर्ची दे आणि तिचं सगळं ऐकून घे. माझ्यासाठी एवढं कर.

तुझी,
मावशी