चव आणि जेवण

भाच्याचा निरोप आला, "मामा, माझे चार स्नेही बाहेरगावाहून येताहेत. त्यांना एका दिवसात ठाणे, कल्याण, डोंबिवलीची चव दाखव. पोट भरायचे नाही, नुसते चाखायचे." भाच्याचा शब्द मामाने मोडू नये. मी होकार दिला. आपण एका पेचात सापडलो आहोत, हे मला संध्याकाळी कळले.

सकाळी ठाण्याची मामलेदार कचेरीजवळची मिसळ झाली. दुसऱ्याच चमच्याला पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि बश्या पुढे सरकल्या. मग गाडीने कल्याण. मुंबईहून पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. तेव्हापासून हा मुलूख येणाऱ्या-जाणाऱ्यांचा झाला. कल्याणला खिडकी वडा घेतला. वझे कुटुंब घराच्या खिडकीतून वडे विकू लागले, म्हणून त्याचे हे नाव.

"हा अगदी इथलाच पदार्थ ना?" एका पाहुण्याने विचारले.

मी 'हो' म्हणता म्हणता थांबलो. बटाटा आणि मिरची मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांच्या व्यापारातून आपल्याकडे आलेली. पावही त्यांचाच. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, पोर्तुगीज गेले. पण मिरचीला कोणी हद्दपार केले नाही! मग 'इथले' म्हणायचे तरी कशाला?

डोंबिवलीला माझ्या बहिणीकडे दिवाळीच्या चकल्या तळणे चालू होते. तिथे एकेक चकली झाली. दिवेलागणीला आम्ही ठाण्यात परतलो आणि चेंदणी कोळीवाड्यात गेलो. तिथल्या एका मावशींना मी आधी सांगून ठेवले होते. गेली वीस वर्षे त्या पाटी घेऊन आमच्या दाराशी येतात. त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचे कालवण आणि सुक्या बोंबलांची चटणी केली होती. पाहुण्यांनी एकेक घास घेतला, "वा!" म्हटले, फोटो काढले. मी पैसे पुढे केले. मावशींनी पैशांकडे पाहिले नाही. त्या अर्धवट मोडलेल्या भाकऱ्यांकडे पाहत होत्या.

"चाखून काय कलनार?" त्या मला हळूच म्हणाल्या. "जेवाला ये एकदा."

पाहुणे आनंदात गेले. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्यांना चाखायला मीच नेले होते. शिवाय चाखण्यात वाईट ते काय? प्रवाशाच्या हाती दिवस एक आणि पोटही एकच. एका घासाने कुतूहल जागे होते, आणि कुतूहल हीही आदराची पहिली पायरीच. मला बोचले ते निराळेच. वीस वर्षे मी या बाईंची मासळी घेतली, चार-दोन रुपयांसाठी घासाघीस केली. पण त्यांच्या घराचा उंबरठा ओलांडला तो पाहुण्यांच्या निमित्ताने. त्यांचा पाहुणचार एका घासाचा होता, माझी ओळख वीस वर्षांची. आणि ती ओळखही नुसती चाखलेलीच!

पुढच्या रविवारी मी जेवायला गेलो. जेवण म्हणजे वेळ, आणि वेळ मिळाला की माणूस बोलते. मावशी सांगत होत्या, लहानपणी खाडीच्या चिखलातून निवट्या नि चिंबोऱ्या पकडून आणायच्या, त्यावर घर जेवायचे. आता खाडीत तशी मासळी उरली नाही. पाटीतला माल भाऊच्या धक्क्यावरून येतो. म्हणजे 'चेंदणीची चव' म्हणून मी जी कोळंबी मिरवली, तीही गाडीनेच आलेली! बटाटा बाहेरचा, मिरची बाहेरची, कोळंबीही बाहेरची. इथली होती ती भाकरी थापणारी माणसे. नेमके त्यांनाच चाखण्याच्या घाईत आम्ही पाहिले नव्हते.

वाचकहो, आपल्या दिवाळीत एक जुनी रीत आहे. शेजारचे फराळाचे ताट येते. त्यात एक चकली, एक करंजी, मूठभर शंकरपाळे असतात. पोट भरण्याइतके त्यात काही नसते, तेही चाखणेच. पण ते ताट आपण रिकामे परत करीत नाही. मला वाटते, चाखणे आणि जेवणे यांतला खरा भेद घासांच्या संख्येत नाही, या परत जाणाऱ्या ताटात आहे. चव ही उसनी वस्तू आहे. पैशाने जिन्नस फिटतो, चव फिटत नाही. ती फेडायची तर पुन्हा यावे लागते, किंवा दुसऱ्याला आपल्या पानावर बसवावे लागते.

आमच्या घरचे फराळाचे ताट इतकी वर्षे जिन्याच्या वर-खाली फिरत राहिले. कोळीवाड्याकडे ते कधी वळले नाही, आणि त्याचे आम्हां कोणाला काही वाटलेही नाही. यंदा बायकोने एक ताट जास्त भरले आहे. मावशी पाटी घेऊन आल्या की त्यांच्या हाती ते देणे सोपे. पण ते ताट दारात द्यायचे नाही, त्यांच्या घरी न्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. आणि भाऊबिजेनंतरच्या रविवारी त्यांना जेवायला बोलावले आहे. चाखायला नव्हे.