लाड आणि खेळ

कुत्रे पाळणाऱ्या मनुष्यास आपण दयाळू आहोत असे सहसा वाटत असते; आणि कुत्रे लहान असले म्हणजे तर या समाधानास पारावार राहत नाही. त्यास दूधभाकरी मिळते, गादीवर जागा मिळते, आल्यागेल्याकडून कौतुक होते. मग त्यास आणखी काय पाहिजे, असे कोणी विचारल्यास तो मनुष्य विक्षिप्त ठरतो. आम्हीही परवापरवापर्यंत असेच समजत होतो. परंतु हा प्रश्न विक्षिप्तपणाचा नसून नीतीचा आहे, अशी आमची आता खात्री झाली आहे. ती कशी झाली, हे वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

आमच्या घरी डॅशहाउंड जातीची एक कुत्री आहे. बिऱ्हाड दोन खोल्यांचे, तेही तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा लहान कुत्रे बरे, त्यास हिंडवावे लागत नाही, या हिशेबानेच आम्ही ती आणली. पहिल्या वर्षी तिने उच्छाद मांडला. चपला कुरतडी, उशा फाडी, दाराशी पाऊल वाजले की घर डोक्यावर घेई. आम्ही रागावलो. पुढे ती शांत झाली, दिवसभर कोचावर पडून राहू लागली, अंगाने गोल झाली, आणि ‘किती हो गुणी!’ असे पाहुणे म्हणू लागले. एके दिवशी तिला कोचावर चढता येईना. पशुवैद्यांनी तिला तपासले, तिचे वजन केले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘हिचा कणा लांब, पाय आखूड. त्यावर हे ओझे तुम्ही चढवलेत. हिला चालवा, खेळवा.’’ ज्यास आम्ही गुण म्हणत होतो, तो केवळ निरुपाय होता.

ही जात जर्मनीत मनुष्यानेच घडविली. ‘डाक्स’ म्हणजे बॅजर नावाचा बिळात राहणारा प्राणी आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बॅजरच्या बिळात शिरता यावे म्हणून पाय आखूड, आणि जमिनीखालून मालकास ऐकू जावे म्हणून आवाज मोठा. पोमेरेनियनची कथा निराळी नाही. ते उत्तरेकडील स्पिट्झ कुळातले. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्सहून एक लहानसा पोमेरेनियन आणला, आणि लहान आकाराची आवड पुढे वाढत गेली. तात्पर्य, मनुष्याने आपल्या सोयीसाठी या प्राण्यांचे शरीर लहान केले. धावण्याची, हुंगण्याची, उकरण्याची ओढ मात्र त्या प्रमाणात लहान झाली नाही.

प्राण्यांच्या बाबतीत त्यांस बुद्धी किती हे न पाहता त्यांस दुःख होते की नाही हे पाहावे, असा निकष बेंथमने १७८९ च्या आपल्या ग्रंथात घातला. तो थोर खरा, पण आम्हांस अपुरा वाटतो. कोचावरच्या त्या कुत्रीस कोणी मारीत नव्हते, ती उपाशीही नव्हती. तिचे दुःख दिसण्याजोगे नव्हते. तिचे आयुष्यच तिच्या वाट्यास आले नव्हते. आपल्या कायद्यासही हे सुचले आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे, नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे हीदेखील क्रूरता आहे.

यावर कोणी म्हणेल, शहरात मुलांनाच खेळावयास जागा नाही, तेथे कुत्र्याचे कौतुक कशाला? आक्षेप खोटा नाही. पण मुलांच्या अंगणाआड आमची कुत्री आलेली नाही. आणि आमच्या घरी येण्याचे तिने होऊन मागितले नव्हते. ज्यास आपण होऊन आणले, त्याचे ऋण आपल्यावरच.

शिवाय ते ऋण फेडणे फारसे अवघडही नाही. सकाळ-संध्याकाळ रमतगमत फेरी, आणि वाटेत हुंगू द्यावयाचे, ओढावयाचे नाही. कुत्र्यास घाम मुख्यतः पंजांच्या तळव्यांतून येतो, आणि धापा टाकूनच ते अंग निववते; चपट्या नाकाच्या पगास तेही नीट साधत नाही. सबब उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी परतावे. लांब कण्याच्या कुत्र्यास जिने व उड्या वर्ज्य कराव्यात. जमिनीवर घरंगळणारा चेंडू त्यास पुरतो. एका संध्याकाळी आम्ही गोधडीच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवले. आमची कुत्री नाक खुपसून, पुढच्या पायांनी उकरीत आत शिरली, आणि शेपूट तेवढे बाहेर हलत राहिले. कधी न पाहिलेल्या बॅजरचे बीळ तिला त्या गोधडीत सापडले होते. मग बाहेर येऊन तिने पुढचे पाय जमिनीस टेकले, मागील अंग उंच केले आणि आमच्याकडे पाहिले. कुत्र्यांच्या भाषेत हे खेळाचे आमंत्रण असते. इतक्या वर्षांत ते तिने आम्हांस कितीदा दिले असेल, आणि आम्ही कितीदा वर्तमानपत्र पुढे धरले असेल!

लाड आपण आपल्या सवडीने करतो. खेळावयास मात्र उठावे लागते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण मुलांस भक्तीची म्हणून सांगतो. तूप आम्हीही देत होतो. नामदेव त्या कुत्र्यामागे धावले, इकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले.