चिमटे पाठीमागे असतात

चुलतबहिणीच्या लग्नासाठी मी मोबाइलवरून एक कुर्ता मागवला होता. फोटोत तो आमसुली होता, खांद्यांवर चपखल बसलेला, गुडघ्यापर्यंत सरळ उतरलेला. पार्सल उघडलं तर हातात आला तो कांद्याच्या सालीच्या रंगाचा आणि पातळ कापडाचा. घालून पाहिला. खांदे ओघळलेले, पोटावर ताणलेला. आरशासमोर उभा राहून मी पहिलं वाक्य जे बोललो, ते मला नंतर बरेच दिवस खटकत राहिलं. ‘कुर्ता भिकार आहे’ असं मी म्हणालो नाही. ‘पोट कमी करायला हवं’ असं म्हणालो.

फसवणूक झाली माझी, आणि दोषही मीच माझ्याकडे घेतला. हे कसं घडतं?

आधी असा फोटो बनतो कसा ते पाहू. मॉडेलच्या अंगावरचा कपडा पुष्कळदा पाठीमागून चिमटे किंवा टाचण्या लावून आवळलेला असतो, म्हणून समोरून तो त्याच्याच मापाचा वाटतो. सुरकुत्या वाफेनं काढलेल्या असतात, उरलेल्या संगणकावर पुसलेल्या. कधी कपडा पुतळ्यावर चढवून फोटो काढतात आणि नंतर पुतळाच पुसून टाकतात. मग आत कुणी नसतानाही कपडा भरलेला दिसतो. एकाच रंगाचा फोटो काढून बाकीचे रंग संगणकावर चढवता येतात. आता तर मॉडेल हाडामांसाचा असण्याचीही गरज राहिलेली नाही, एआय चेहरा आणि अंग दोन्ही पुरवतं.

यातली एकेक पायरी तपासली, तर कुठेच धडधडीत खोटं सापडत नाही. फोटोग्राफर म्हणेल, मी फक्त प्रकाश दिला. एडिटर म्हणेल, मी सुरकुत्या काढल्या, त्या इस्त्रीनंही गेल्याच असत्या. विक्रेता म्हणेल, कुर्ता तोच आहे. ॲप म्हणेल, आम्ही फक्त जागा देतो. खोटं आहे, पण खोटं बोलणारा कुणी नाही.

शिवाय पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असतेच: ‘प्रत्यक्ष रंगात किंचित फरक असू शकतो.’ ही ओळ वाचली की मला धर्मराज आठवतो. ‘नरो वा कुंजरो वा’मधला दुसरा भाग त्यानं हळू आवाजात म्हटला, आणि लोकांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत तेवढ्यात कृष्णानं शंख फुंकला. द्रोणाचार्यांपर्यंत पोचलं ते फक्त अश्वत्थामा गेल्याचं. तांत्रिकदृष्ट्या धर्मराज खोटं बोलला नव्हता. तरीही जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. म्हणजे महाभारतानं त्याचा खरेपणा शब्दांवरून जोखला नाही, ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरावं अशी त्याची इच्छा होती, त्यावरून जोखला. फोटो हा शंख आहे आणि बारीक अक्षरातली ओळ म्हणजे ‘कुंजरो वा’.

व्यापाऱ्यानं नेमकं किती सांगावं, हा वादही जुनाच. रोमन लेखक सिसरो यानं इ. स. पूर्व ४४मध्ये कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात एक प्रसंग आहे. रोड्स बेटावर दुष्काळ पडलाय. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येतायत हे त्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना नाही. त्यानं ते सांगावं का? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, कायदा जेवढं सांगायला लावतो तेवढं सांगावं. बाकी गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगावं. सिसरो शिष्याच्या बाजूनं उभा राहतो. समोरच्याला जे कळण्यात त्याचं हित आहे, ते आपल्या फायद्यासाठी दडवणं म्हणजे लपवणंच, असं त्याचं म्हणणं. कुर्त्यामागचे चिमटे म्हणजे मागून येणारी ती जहाजं.

आपल्याकडच्या १९३०च्या मालविक्री कायद्यात दोन रीती दिसतात. वर्णनावरून विक्री झाली तर माल वर्णनाशी जुळला पाहिजे, आणि नमुन्यावरून झाली तर नमुन्याशी. फोटोची गंमत अशी की तो दिसतो नमुन्यासारखा, पण त्याला हात लावता येत नाही. पोत कळत नाही, जाडी कळत नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी ही फट काही प्रमाणात बुजवली. जाहिरातीत दाखवलेल्या गुणांप्रमाणे वस्तू नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेणं नाकारता येत नाही. माझाही कुर्ता परत गेला, पैसे आले. पण आरशासमोरचं ते वाक्य कुठल्याच रिटर्न पॉलिसीत बसत नाही.

लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात हे वाक्य कधी ऐकू येत नाही. लहानपणी आईबरोबर मी तिथल्या पांढऱ्या गादीवर तासन् तास कंटाळत बसलोय. समोरचे पन्नाशीचे काका, मिशा, सुटलेलं पोट, शर्टाच्या खिशात पेन. ‘वहिनी, हा पदर बघा,’ म्हणत ते साडी सरळ स्वतःच्या खांद्यावर टाकत, कमरेशी चार निऱ्या धरत आणि उभे राहत. कुणालाही हसू येत नसे. आई काकांकडे बघतच नव्हती. ती काठ बघत होती, पदर बघत होती, कापड चिमटीत धरत होती, रंगाची खात्री करायला साडी दारापर्यंत उजेडात नेत होती. साडी नेसल्यावर आपण काकांसारख्या दिसू, असं तिला वाटण्याची शक्यताच नव्हती. काकांचं शरीर कसलंही वचन देत नव्हतं, म्हणून नजर कापडावर टिकून राहायची.

मॉडेलचं शरीर मात्र वचन देतं. आपण कुर्ता बघतोय असं वाटतं, पण बघत असतो ते कुर्त्यातला माणूस. मग कपडा घरी येतो आणि तो माणूस येत नाही. दुकानात कपडा बसला नाही तर आपण म्हणतो, ‘फिटिंग बरोबर नाही, दुसरा दाखवा.’ तिथे चूक कपड्याची असते, आणि सोबतीला आई असते, मित्र असतो, शिंप्याचा पत्ता देणारा दुकानदार असतो. घरी बंद खोलीत फक्त आरसा असतो. फोटोतल्या माणसाला तो कुर्ता चिमट्यांशिवाय बसलेला नाही, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून दोन शरीरांची तुलना होते आणि हरतो आपण. रंग फसला तर पैशांचं नुकसान होतं, ते भरून निघतं. पण कपड्याची चूक शरीराच्या माथी मारली जाणं, हा मला त्याहून मोठा अन्याय वाटतो.

यावर मित्र म्हणतात, ‘फोटो सजवलेले असतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग फसवणूक कसली?’ पण सगळ्यांना खरोखरच कळत असतं, तर चिमट्यांवर कुणी मेहनत घेतली नसती. डोक्याला कळतं, डोळ्यांना कळत नाही, आणि खरेदी डोळे करतात. शिवाय याची किंमत आपल्याइतकीच प्रामाणिक विक्रेत्यालाही मोजावी लागते. घरच्या खिडकीतल्या उजेडात, दोरीवर टांगून कुर्त्याचा खरा फोटो टाकणारी बाई त्या चकचकीत रांगेत गबाळी ठरते. खरं दाखवणाराच संशयास्पद दिसू लागतो.

एकटा ग्राहक दुबळा असतो, म्हणून ग्राहकांनी एकत्र यावं, या विचारातून १९७४मध्ये पुण्यातच बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. आज त्या विचाराचं एक लहानसं रूप मला रिव्ह्यूंमध्ये दिसतं. ट्यूबलाइटचा उजेड, मागे वाळत घातलेले टॉवेल, चुरगळलेली चादर, आणि मधोमध तोच कुर्ता घातलेला एक साधा माणूस. तो फोटो म्हणजे लक्ष्मी रस्त्यावरचे काकाच. कुणीतरी अनोळखी माणसानं आपल्यासाठी कपडा स्वतःच्या अंगावर टाकून दाखवलेला असतो.

म्हणून कुर्ता परत करण्याआधी मीही फोटो काढायचं ठरवलं. मोबाइल टेकवून ठेवला, टायमर लावला, उभा राहिलो. पहिला फोटो बघितला तर मी पोट आत ओढलेलं होतं. दुसऱ्यात दिव्याच्या बरोबर खाली जाऊन उभा होतो. तिसऱ्यात फोनचा ब्यूटी मोड चालू राहिला होता. चिमटे लावायला मला स्टुडिओची गरजच पडली नव्हती.

चौथा फोटो काढताना श्वास सोडला. पोटावर ताणलेला कुर्ता, ओघळलेले खांदे, कांद्याच्या सालीचा रंग, सगळं आलं. तो टाकायला मला दहाएक मिनिटं लागली. खाली लिहिलं: ‘फोटोत आमसुली दिसतो, तसा नाही. कापड पातळ. खांद्यात सैल, पोटावर घट्ट.’ वाचून पाहिलं. तिन्ही तक्रारी कुर्त्याबद्दलच्या होत्या.