कष्टाचा दावा

कराचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मी कष्टानं कमावलं, त्यात इतरांचा वाटा कसला?’ हे वाक्य मला फार दिवस सलतं आहे, कारण ते निम्मं खरं आहे.

तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचा ‘अज्ञानाचा पडदा’, म्हणजे आपण स्वतः कोण असू हे माहीत नसताना समाजाचे नियम ठरवण्याची कल्पना, आता सर्वपरिचित आहे. त्याच्या १९७१च्या ग्रंथातला मला अधिक धाडसी वाटणारा विचार वेगळाच आहे: नियमांप्रमाणे एखाद्या गोष्टीवर हक्क पोचणं निराळं आणि आपल्या नैतिक लायकीमुळे ती मिळणं निराळं. बुद्धी आणि घराणं जन्मानं मिळतं. कष्टाळूपणासुद्धा बराचसा घरच्या परिस्थितीतून येतो; म्हणून त्यांच्या जोरावर लायकीचा दावा करता येत नाही.

रॉल्ससारखाच हार्वर्डमध्ये असलेल्या तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिकनं १९७४मध्ये याला विरोध केला. दहा लाख प्रेक्षकांनी बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनला राजीखुशीनं पंचवीस-पंचवीस सेंट दिले, तर ते अडीच लाख डॉलर त्याचेच नाहीत का? त्याचे आहेतच. पण मालकी म्हणजे करालाही हात लावता येणार नाही अशी मालकी, हे नॉझिक आधीच धरून चालतो. वाद तर तेवढ्याचाच आहे!

खरा चेंबरलेन मात्र मला अडवतो. २ मार्च १९६२ रोजी हर्शी इथं त्यानं एकाच सामन्यात १०० गुण केले. फ्री थ्रोमध्ये एरवी तो कच्चा. त्या दिवशी ३२पैकी २८ टाकले, दोन्ही हातांनी खालून चेंडू फेकून. सात फुटांहून जास्त उंची त्याला जन्मानं मिळाली होती. ही फेक सरावाची होती. तीही परिस्थितीचीच देणगी म्हणायची, तर माणसाचं म्हणून काही उरतच नाही.

आणि मग ऊसतोडणीच्या फडातल्या बाईचंही काही उरत नाही. तिथं नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, मजुरी टनावर ठरते, आणि मुकादमाच्या उचलीच्या हिशेबात तिचं वेगळं नावही बहुतेकदा नसतं. तिचे कष्ट तिचे नाहीत, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

म्हणून रॉल्सचा हात मी इथं सोडतो. कष्टांना दावा असतो. पण बाजारातला भाव कष्ट मोजून ठरत नाही. तसा ठरला असता तर फडातली मजुरी कितीतरी वर असती. कष्टाच्या नावानं कर नाकारणाऱ्यानं हा दावा सर्वांना लागू करावा. मग पहिलं येणं तिचं निघतं, आणि ते चुकतं करण्यासाठी कर लागतोच.