दोन नाणी आणि परत येण्याचे वचन



विरारच्या पूर्वेस फुलपाडा म्हणून वस्ती आहे. तेथील एका चाळीत राहणारा एक बंधू व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परत आला. हातांचा कंप गेला होता, तोंडावर तेज आले होते. मंडळीने त्याच्या खोलीत उपकारस्तुतीची प्रार्थना केली. परंतु खोली तीच, उधारी तीच आणि सायंकाळी दारातून हाक मारणारे सोबतीही तेच होते. महिना भरण्यापूर्वी तो पुन्हा पडला. कित्येक म्हणाले, त्याचा निश्चयच खरा नव्हता. मीही प्रथम तसेच म्हणालो. आता तसे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

या प्रसंगानंतर काही तरुणांनी सूचना केली की, केंद्रातून सुटल्यावर आणि आपल्या घरी पाय स्थिर होण्यापूर्वी अशा बांधवांनी काही मास एकत्र राहावे, कामावर जावे आणि एकमेकांस सांभाळावे, यासाठी एखादे मधले घर भाड्याने घ्यावे व त्यास मंडळीने वर्गणी द्यावी. मंडळीच्या एका वडिलांनी विचारले, “पैसा देऊ, पण त्या घराची तपासणी कोण करणार?” त्यावर दुसरे रागाने म्हणाले, “दयेच्या कामात संशय कशाला?” हा प्रश्न केवळ फुलपाड्याचा नव्हे. ज्या ज्या गावी दारू आहे, त्या त्या गावच्या मंडळीस आज ना उद्या तो सोडवावा लागेल. यास्तव त्याचा शांतपणे विचार करू.

प्रथम असे घर हवेच कशाला, हे पाहू. पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 1986 साली डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी त्यास आरंभीच मोठे साहाय्य दिले. तेथील निवासी उपचार 35 दिवसांचा ठरला. परंतु पुढील पाठपुरावा, बरे झालेल्यांच्या सभा आणि त्यांच्या पत्नींशी विचारविनिमय ही कामेही तितकीच महत्त्वाची मानली गेली. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरा यांनी 1981 साली कृपा फाउंडेशनचे काम आरंभिले. त्याचे केंद्र आपल्या वसईतही आहे. जे स्वतः त्या खड्ड्यातून वर आले त्यांनीच दुसऱ्यास हात द्यावा, ही त्या कामाची रीत आहे. दोन्हीकडचा अनुभव एकच सांगतो: दारू सोडविणे हे थोड्या दिवसांचे काम, दारूवाचून जगणे शिकणे हे पुष्कळ दिवसांचे. पेरलेले बी उगवले म्हणजे पीक हाती आले असे कोणी शेतकरी समजत नाही.

आता पैशाचा प्रश्न घ्या. शोमरोनी मनुष्याचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसविले, येथवर आपण उपदेशात सांगतो आणि तेथेच थांबतो. परंतु त्याने पुढे उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती दोन नाणी दिली. त्या काळी मजुराची ती दोन दिवसांची मजुरी होती. दयेला भाडे लागते, भाकर लागते, हे त्यास ठाऊक होते. आणि अधिक खर्च झाल्यास मी परत येईन तेव्हा फेडीन, असेही त्याने सांगितले. या परत येण्याच्या शब्दाकडे आपले लक्ष कमी जाते. तो परत येणार म्हणजे रक्षकास खर्च मिळणार. आणि तो परत येणार म्हणजे जखमी मनुष्य कसा आहे हेही पाहिले जाणार. पैसा देणे व पाहण्यास येणे या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या नाहीत.

त्या वेगळ्या केल्या म्हणजे काय होते, याची साक्ष जगाने दिली आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे एका श्रद्धास्थानाच्या आश्रयाने मनोरुग्णांना ठेवण्याची घरे चालत. 6 ऑगस्ट 2001 रोजी त्यांपैकी एका घरास आग लागली. आतील माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. त्यांतील 28 जण मरण पावले. नातलगांनी त्यांस श्रद्धेनेच तेथे ठेविले होते. त्या घरात पाहणारा डोळा मात्र नव्हता. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात याहून निराळे पाप घडले. व्यसनमुक्तांची घरे म्हणून आदिवासी माणसांना गोळा करावयाचे आणि न दिलेल्या उपचारांची बिले सरकारी निधीतून घ्यावयाची, असा व्यापार 2023 साली उघडकीस आला. राज्याची हानी 200 कोटी डॉलरहून अधिक असल्याचा अंदाज आहे. एरवाडीस देखरेख नव्हती. ॲरिझोनास पैसा पुष्कळ होता आणि देखरेख अपुरी होती. दोन्हीकडे दुर्बळच भरडला गेला.

आपल्या देशाचा 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारात गणतो. अशा रुग्णांना देखभाल वा पुनर्वसनासाठी जेथे ठेवले जाते, त्या संस्थेने नोंदणी करावी असे तो सांगतो. विनानोंदणी संस्था चालविणाऱ्यास पहिल्या वेळी 5,000 पासून 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. कोणास साखळीने बांधणे तर त्याने सर्वथा निषिद्ध केले आहे. आणि तोच कायदा अशी मधली घरे लोकांना उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य सरकारवरही ठेवतो.

यावर आक्षेप येतील. कोणी म्हणेल, दाखला लाच देऊनही मिळतो. खरे आहे. म्हणून दाखला हा आरंभ समजावा, शेवट नव्हे. भिंतीवरचा कागद मंडळीच्या भेटीची जागा घेऊ शकत नाही. दुसरा म्हणेल, एवढे नियम लादले तर गरिबांची लहान घरे बंद पडतील व धनवानांची तेवढी उरतील. हा आक्षेप मला जड वाटतो. त्याचे उत्तर नियम काढून टाकणे हे नसून, नियम पाळण्याचा खर्चही दानात धरणे हे आहे. घराचे भाडे देऊ, पण अग्निशामक यंत्र, डॉक्टरची फेरी आणि हिशेबनीस यांस देणार नाही, असे म्हणणारा दाता अर्धाच दाता होय.

तिसरा विचारील, हे पैसे कोठवर पुरवावयाचे? येथे एक उदाहरण उपयोगी आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्यात 1975 साली एक मधले घर बंद पडू लागले, तेव्हा राहणाऱ्यांनीच ते भाड्याने घेतले आणि त्यास ऑक्सफर्ड हाउस नाव दिले. घराचा कारभार मताने चालवावा, खर्च सर्वांनी कमाईतून द्यावा, जो पुन्हा पिईल त्याने घर सोडावे, हे त्यांचे नियम. पुढे 1988 च्या कायद्याने अशा घरांच्या आरंभासाठी 4,000 डॉलरपर्यंत कर्ज देण्याचा निधी निघाला. फेडलेले कर्ज पुढील घरास मिळे. पहिले पाऊल दुसऱ्याने उचलून द्यावे आणि पुढे चालणाराने स्वतः चालावे, यात दानाचाही मान आहे व घेणाऱ्याचाही.

तेव्हा वर्गणी देण्यापूर्वी मंडळीने व उपदेशकांनी एवढे तरी विचारावे. नोंदणी आहे काय? दार आतून उघडते काय? नातलगांस राहणाऱ्याशी एकांतात बोलता येते काय? जमाखर्च वर्षाकाठी सर्वांपुढे वाचला जातो काय? कोणी पुन्हा पडला तर त्यास रस्त्यावर न टाकता कोणत्या डॉक्टरकडे नेणार, हे ठरले आहे काय? हा शेवटचा प्रश्न जिवाचा आहे. फार पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर आकडी येते, भ्रम होतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. त्यास खोलीत कोंडून केवळ प्रार्थना करीत बसणे ही श्रद्धा नव्हे, हयगय आहे.

फुलपाड्याच्या त्या सभेत शेवटी असे ठरले की, दरमहा वर्गणी द्यावी, नोंदणीचा खर्चही त्यातूनच करावा आणि दोघांनी पाळीपाळीने, न कळविता, त्या घरी जाऊन यावे. रागावलेल्या बंधूंनी पहिली पाळी स्वतःकडे घेतली. मला वाटते, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले. ज्याच्यावर प्रीती आहे त्याच्या दारी आपण पुन्हा जातो. तो संशय नव्हे. तो पडलेला बंधू अद्याप आपलाच आहे, आणि त्याच्यासाठी दार उघडे आहे की नाही, हे आपण स्वतः जाऊन पाहिले पाहिजे.